विवराची जन्मवेळ

लोणारचे सरोवर पाहून आलेल्या मंडळींना एक प्रश्न विचारून पाहावा. सरोवर किती जुने, असा. एक जण पन्नास हजार वर्षे म्हणून सांगेल, दुसरा पस्तीस-चाळीस हजारांवर येईल, आणि एखाद्या शास्त्राच्या पदवीधराने अलीकडचे वाचलेले असले तर तो पावणेसहा लाखांचा आकडा पुढे टाकील. मौज ही की तिघांपैकी कोणीही मनचे सांगत नसतो. तिन्ही आकडे प्रयोगशाळेतून आलेले आहेत, तिन्ही नामांकित शास्त्रीय नियतकालिकांत वा संशोधन-ग्रंथांत छापले गेले आहेत, आणि तिन्ही एकाच वेळी खरे असणे शक्य नाही. एखाद्या घरच्या मुलाच्या तीन जन्मपत्रिका निघाव्यात आणि तिन्हींत साल वेगळे असावे, तसा हा प्रकार आहे.

ग्वाल्हेरच्या वाचकांना या विषयाकडे पाहण्याचे आणखी एक कारण आहे. अंतराळातून आलेल्या दगडाच्या आघाताने झालेली, सर्वमान्य अशी विवरे आपल्या देशात तीनच. विदर्भातल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार हे पहिले, राजस्थानात बारां जिल्ह्यात रामगढ हे दुसरे, आणि तिसरे आपल्या जुन्या संस्थानच्या मुलुखात, शिवपुरी जिल्ह्यातल्या पिछोर तालुक्यात, ढाला गावापाशी. शिवपुरीला संस्थानची उन्हाळी राजधानी म्हणून आपली वडीलधारी मंडळी ओळखत आली. तिथल्या शिंद्यांच्या छत्र्या आपण मुलांना दाखवल्या. पण त्याच जिल्ह्यात पृथ्वीवरच्या अतिप्राचीन विवरांपैकी एक आहे, हे २००८ सालापर्यंत कोणालाच नीटसे ठाऊक नव्हते. त्याकडे पुढे येऊच, आधी लोणार.

लोणारचा खळगा सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा, काठापासून तळापर्यंत सुमारे दीडशे मीटर खोल. पाणी खारे आणि सोड्याचे. जुन्या काळी त्यातून दल्ला, पापडी असे खारांचे प्रकार काढून विकले जात. लवणासुराला विष्णूने येथे मारले अशी स्थळकथा आहे आणि गावात दैत्यसूदनाचे अप्रतिम मंदिर आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे दीडशे वर्षे बहुतेक भूशास्त्रज्ञ हा खळगा ज्वालामुखीचाच मानत राहिले, आणि त्यात त्यांचे फार चुकले असे म्हणवत नाही. सगळा दख्खन लाव्ह्याच्या थरांचा बनलेला असताना त्यातला एक गोल खड्डा कोणाच्या खात्यावर घालावा? निकाल लागला तो १९७३ साली. अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या मंडळींनी तळ विंधून खालचे दगड वर काढले, आणि त्यांत मास्केलिनाइट सापडले. फेल्स्पार या खनिजाचा कण न वितळता, केवळ प्रचंड दाबाने, जागच्या जागी काच होतो तेव्हा त्याला हे नाव देतात. असा दाब ज्वालामुखीत उत्पन्न होत नाही. आघात ठरला. राहिली ती वेळ.

येथे एका समजुतीच्या घोटाळ्याचा उल्लेख करावा लागेल, कारण सुशिक्षित माणसेही त्यात सापडतात. लोणारचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे, मग विवरही तितकेच जुने नव्हे काय? नव्हे. आजीच्या काळची पितळी घागर तांबटाने आटवली आणि तिचे नवे घंगाळ केले, तर पितळ जुने पण घंगाळ नवे. आपल्याला घंगाळाचे वय हवे आहे. ते सांगणार कोण? जे पितळ त्या दिवशी खरोखर आटले तेच. विवराच्या बाबतीतही आघाताने फुटलेला, उडालेला, चिरडलेला दगड फारसा बोलत नाही. जो वितळला, आणि थंड होताना नवी काच किंवा नवे स्फटिक झाला, तोच साक्षीला उपयोगी पडतो. आणि असा दगड थोडाच असतो.

आता घड्याळाकडे वळू. ज्यांच्या घरी जुन्या पद्धतीने लग्ने झाली त्यांना घटिकापात्र ठाऊक असेल. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची; पाणी आत चढत जाते आणि चोवीस मिनिटांत, म्हणजे एका घटकेत, वाटी बुडते. वाटीत पाणी किती चढले आहे ते पाहून वेळ किती झाली ते सांगता येते. दगडांतही अशी वाटी असते. पोटॅशियम या मूलद्रव्याचा, चाळीस अणुभाराचा एक समस्थानिक फार सावकाश मोडत असतो. त्याचे अर्धे अणू मोडायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. मोडणाऱ्या शंभर अणूंपैकी सुमारे एकोणनव्वदांचे कॅल्शियम होते आणि अकरांचा आरगॉन वायू होतो. कॅल्शियम दगडात आधीचेच इतके असते की नवे कोणते ते ओळखू येत नाही. आरगॉनचे तसे नाही. तो निःसंग वायू. कोणाशी संयोग पावत नाही, स्फटिकाच्या जाळीत नुसता अडकून बसतो. दगड वितळला की तो निसटून जातो, म्हणजे वाटी उपडी होऊन रिकामी होते; दगड थिजला की पुन्हा थेंब थेंब भरू लागतो. आघाताने दगड वितळला तो क्षण म्हणजे वाटी पुन्हा पाण्यावर ठेवल्याचा क्षण.

कल्पना सोपी आहे, मोजणी अवघड. पोटॅशियम घनरूप, आरगॉन वायुरूप; दोन्ही वेगवेगळ्या तुकड्यांत वेगवेगळ्या रीतीने मोजायचे म्हटले की दोन तुकडे अगदी सारखे असल्याची हमी कोण देणार? यावर १९६६ साली मेरिह्यू आणि टर्नर या दोघांनी मोठी नामी युक्ती प्रसिद्ध केली. दगडाचा कण अणुभट्टीत ठेवायचा. तिथल्या वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्याने नेहमीच्या, म्हणजे ३९ अणुभाराच्या पोटॅशियमचा थोडा भाग ३९ अणुभाराचा आरगॉन होतो. मग मूळचे पोटॅशियम आणि त्याच्या मोडीतून जमलेला आरगॉन, दोन्हींचा हिशेब एकाच कणातल्या एकाच वायूच्या दोन प्रकारांवरून लागतो. त्यातही कण एकदम न वितळवता पायरीपायरीने तापवत नेतात आणि प्रत्येक पायरीला निघालेला वायू वेगळा मोजतात. कणाच्या कडेचा सैल वायू आधी येतो, आतला घट्ट बसलेला नंतर. लागोपाठच्या अनेक पायऱ्यांवर तेच वय निघाले तर आलेखात सपाट रेघ दिसते; शास्त्रज्ञ तिला पठार म्हणतात. पठार मिळाले की वयावर विश्वास ठेवायला हरकत नाही. न मिळाले तर वाटीत कधीतरी गळती झाली, किंवा ती मुळात रिकामीच झाली नव्हती, असे समजावे. चंद्रावरून १९६९ साली आणलेल्या दगडांवर टर्नर यांनी हीच रीत चालवली, आणि चंद्रावरच्या मोठ्या आघातांचा कालक्रम लावण्यात तिचा पुढे मोठा वाटा राहिला.

लोणारला ही रीत लावली फ्रेड जूर्दां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. जूर्दां ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या कर्टिन विद्यापीठातले. लोणारच्या वितळलेल्या दगडाच्या तुकड्यांवरून त्यांनी २०११ साली वय प्रसिद्ध केले: ५ लाख ७० हजार वर्षे, ४७ हजार इकडे किंवा तिकडे. या आकड्याने खळबळ उडाली, कारण आधीचे आकडे याच्या जवळपासही नव्हते. १९९७ साली तापदीप्तीच्या रीतीने सुमारे ५२ हजार वर्षे निघाली होती. या रीतीत समस्थानिकांचा संबंध आडून येतो: दगडातल्या किरणोत्सर्गी द्रव्यांच्या माऱ्याने स्फटिकात ऊर्जा साठत जाते, आणि कण तापवला की ती प्रकाशरूपाने बाहेर पडते, किती प्रकाश पडला त्यावरून शेवटचे तापणे केव्हाचे ते ठरते. २००४ साली काचेतल्या युरेनियमच्या विखंडनाचे ओरखडे मोजून १५ हजार वर्षे सांगितली गेली, पण चूकभूल १३ हजारांची! ज्या उत्तरात चूकभूल जवळजवळ उत्तराएवढीच आहे ते उत्तर प्रामाणिक खरे, उपयोगी मात्र बेताचे.

आणि मग २०१४ साली जपानी शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेले काम आले. त्यांचे घड्याळ निराळेच. आकाशातून विश्वकिरणांचा मारा अखंड चाललेला असतो. उघड्या दगडाच्या वरच्या थरात त्यामुळे बेरिलियम-१० आणि अॅल्युमिनियम-२६ हे दुर्मिळ समस्थानिक अगदी थोड्या प्रमाणात तयार होतात. जमिनीखाली दडलेल्या दगडाला हे किरण लागत नाहीत. आघाताने खालचा दगड वर फेकला गेला की त्याच्यावर ऊन पडल्यासारखे हे किरण पडू लागतात. काठावर पडलेल्या दगडांत हे समस्थानिक मोजून त्यांनी लोणारचे वय ३७,५०० वर्षे, पाच हजार इकडे-तिकडे, असे काढले.

तेव्हा एका बाजूला साडेसदतीस ते बावन्न हजार, दुसऱ्या बाजूला पावणेसहा लाख. फरक दहापटीहून अधिक. कोणाचे खरे मानावे?

हिशेब करून पाहू. लोणारचा मूळ दगड ६.६ कोटी वर्षांचा. त्यात तेवढ्या काळाचा आरगॉन साठलेला होता. आघाताच्या वेळी वितळलेल्या रसातून तो सगळा निसटला पाहिजे. समजा, निसटला नाही. शंभरातला एकच हिस्सा मागे राहिला. मग आजच्या मोजणीत तो हिस्सा ६.६ कोटींचा शतांश, म्हणजे ६ लाख ६० हजार वर्षे उगीचच वाढवून दाखवील. शंभरातला एकाहूनही कमी हिस्सा उरला तरी सदतीस हजारांचे पावणेसहा लाख व्हायला तो पुरे. वाटी उपडी केली पण तळाशी घोटभर पाणी राहिले, आणि नवे पाणी अजून थेंबभरच चढलेले आहे, अशी ही अवस्था. विवर जितके तरुण आणि दगड जितका जुना, तितकी ही राहिलेली घोटभर पाण्याची लबाडी मोठी. बेसॉल्टात पोटॅशियम मुळातच कमी, म्हणून नवे पाणीही हळूच चढते.

हा दोष कर्टिनच्या मंडळींना ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. उरलेला जुना आरगॉन ओळखून वजा करण्याची रीत त्यांनी वापरली होती. शिवाय बेसॉल्टचा रस ग्रॅनाइटच्या रसापेक्षा पातळ असतो, त्यातून वायू सहज सुटतो, असा त्यांचा मुद्दा होता आणि तो दुबळा नाही. उलट बाजूच्या घड्याळातही एक उणीव आहे. विश्वकिरणांचे घड्याळ दगड उघडा पडल्यापासूनचे वय सांगते. पावसाने वरचा थर झिजून गेला असेल तर जमलेले समस्थानिकही त्याबरोबर वाहून जातात आणि वय कमी दिसते. पण मग प्रत्यक्ष विवराकडेच पाहावे. लोणारचा काठ अजून उंच उभा आहे, बाहेर फेकलेल्या दगडमातीचे आवरण भोवती अजून टिकून आहे. विदर्भातले पावसाळे काही सौम्य नसतात. साडेपाच लाख पावसाळे सोसून एवढे शिल्लक राहावे, हे मला अवघड वाटते. दोन स्वतंत्र रीती पन्नास हजारांच्या आत-बाहेर येतात हेही आहे. माझा कौल तरुण लोणारकडे आहे. पण प्रकरण निकाली निघाले असे छातीठोकपणे सांगणाऱ्या पाटीवर मात्र विश्वास ठेवू नये, मग ती कोणत्याही आकड्याची असो.

अमेरिकेतल्या अॅरिझोना संस्थानात लोणारचा एक भाऊ आहे. तिथले विवर सव्वा किलोमीटरचे, वाळवंटात असल्याने फार सुरेख टिकलेले. तिथे तापदीप्तीचे, बेरिलियमचे, क्लोरीन-३६ चे, अशी निरनिराळी घड्याळे ऐंशी-नव्वदच्या दशकांत लावली गेली आणि सगळ्यांनी सुमारे पन्नास हजार वर्षे सांगितली. विश्वकिरणांचा मारा वर्षाला नेमका किती धरावा याविषयीचे गणित सुधारले तसा आकडा नंतर थोडा वर सरकला, पण घर बदलले नाही. आणि याच विवराच्या लोखंडी अशनीवरून क्लेअर पॅटर्सन यांनी १९५६ साली पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे हे ठरवले. त्यांनी शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले. मोजणीत बाहेरचे शिसे मिसळू नये म्हणून त्यांनी प्रयोगशाळा इतकी स्वच्छ ठेवली, आणि हवेत-पाण्यात माणसाने किती शिसे कालवले आहे हे त्यांना त्या ओघात इतके स्पष्ट दिसले, की पुढे पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध लढण्यात त्यांचे आयुष्य गेले. म्हणजे पडलेल्या लोखंडाने सूर्यमालेची जन्मवेळ सांगितली, पण ते पडले केव्हा हे सांगायला खालचा दगडच लागला.

लोणारच्या वयाशी एवढी झटापट कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर माणसाशी संबंधित आहे. साडेसदतीस हजार वर्षे खरी असतील, तर त्या दिवशी दख्खनमध्ये आपल्यासारखाच माणूस वावरत होता. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरीव तुकडे सापडले आहेत. त्यांचे वय रेडिओकार्बनने सुमारे पंचवीस हजार वर्षे ठरले. अशाच कोणा मणी करणाऱ्यांच्या पूर्वजांनी तो लोळ पाहिला, तो आवाज ऐकला, असे म्हणता येईल. पावणेसहा लाख खरी असतील, तर पाहणारा कोणी असलाच तर तो दगडी हातकुऱ्हाडी घडवणारा, आपल्याहून निराळा आदिमानव.

येथे एक मोह आवरावा लागतो. लवणासुराची कथा म्हणजे त्या अग्निप्रलयाची लोकस्मृती होय, असे पुष्कळ विद्वान गृहस्थ हौसेने सांगतात. मला ते पटत नाही. साडेसदतीस हजारांचा आकडा घेतला तरी ती स्मृती हजारांहून अधिक पिढ्या तोंडोतोंडी टिकली पाहिजे, आणि मधल्या काळात भाषा, वस्ती, माणसे, सगळेच बदलले. खाऱ्या पाण्याचा खोल गोल डोह पाहून कोणत्याही काळच्या माणसाला तिथे काहीतरी अचाट घडले असावे असे वाटणारच, आणि लवण म्हणजे मीठ. कथेला एवढे पुरते.

घड्याळांचे भांडण लोणारपुरतेच आहे असे समजू नये. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, त्याच्या सान्निध्यात हातकुऱ्हाडी मिळाल्या. ही राख सुमात्रा बेटातल्या टोबा ज्वालामुखीची. १९८९ साली पोटॅशियम-आरगॉनने तिचे वय १४ लाख वर्षे आले, १९९५ साली सुधारलेल्या आरगॉन-रीतीने ६ लाख ७० हजार, आणि राखेचे रासायनिक साम्य पाहणारे म्हणाले की ही टोबाच्या शेवटच्या, म्हणजे ७४-७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाचीच राख. तोच पेच: थोडासा जुना दगड नव्यात मिसळला तर आरगॉन मोठा आकडा सांगतो.

उलट, जिथे विवर जुने, दगड पोटॅशियमचा आणि वितळ भरपूर, तिथे हेच घड्याळ सोन्यासारखे चालते. मेक्सिकोतल्या युकातान किनाऱ्यावर, जमिनीखाली आणि समुद्राखाली दडलेले चिक्शुलुब हे सुमारे १८० किलोमीटरचे विवर त्याचे उत्तम उदाहरण. १९८० साली लुइस आणि वॉल्टर आल्व्हारेझ या पितापुत्रांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी डायनोसॉरांच्या अंताचे खापर आकाशातल्या दगडावर फोडले. १९९१ साली विवर ओळखले गेले. १९९२ साली त्यातल्या वितळलेल्या दगडाचे आरगॉनवरून वय निघाले साडेसहा कोटींच्या आसपास, जगभरच्या त्या सीमाथराशी जुळणारे. २०१३ साली सीमाथराची आणि त्या काचमण्यांची मोजणी अधिक काटेकोर झाली: ६ कोटी ६० लाख ४३ हजार वर्षे, चूकभूल अकरा हजारांची. म्हणजे सहा कोटींत अकरा हजार! लोणारच्या चाळीस हजारांवर भांडणारी हीच विद्या आहे, हे ध्यानात घ्यावे.

आणि येथे आपला सह्याद्री येतो. दख्खनचा लाव्हा त्याच सुमारास वाहत होता, म्हणून डायनोसॉर दगडाने मेले की लाव्ह्याच्या वायूंनी, हा वाद वाईच्या, पोलादपूरच्या, अंबेनळीच्या, महाबळेश्वरच्या थरांवर येऊन ठेपला. लाव्ह्याच्या थरांना या गावांची, घाटांचीच नावे आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांचे लेख आले. एकाने लाव्ह्याच्या दगडाचा आरगॉन मोजला होता. दुसऱ्याने दोन थरांमधल्या तांबड्या मातीत सापडलेल्या झिरकॉनच्या कणांतले युरेनियम आणि शिसे. पहिल्या गटाच्या मते बहुतेक लाव्हा आघातानंतर आला, दुसऱ्याच्या मते तो चार मोठ्या उसळ्यांत आला आणि त्यांतली एक ऐन संहाराच्या तोंडावर होती. महाबळेश्वरला जाताना घाटात काळ्या कातळाच्या मध्ये तांबड्या रेघा दिसतात, त्या या. पुढच्या वेळी गाडीतून जरूर पाहाव्यात.

झिरकॉनचे नाव आले, तर त्याच्याविषयी दोन शब्द. हा वाळूच्या कणाएवढा अतिकठीण स्फटिक. तयार होताना तो युरेनियम आत घेतो आणि शिशाला जवळजवळ थारा देत नाही. पुढे युरेनियमचे शिसे होत जाते. तेव्हा आतले शिसे झिरकॉनच्या जन्मानंतरचेच. युरेनियमचे दोन समस्थानिक, एकाचे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे आणि दुसऱ्याचे सुमारे ७० कोटी. म्हणजे एकाच कणात दोन घड्याळे, एकमेकांना तपासणारी. आघाताने कण नुसता तडकला तर जुनेच वय सांगत राहतो. पण उष्णतेने तो बारीक दाण्यांचा होऊन पुन्हा स्फटिकरूप झाला, तर त्या नव्या दाण्यांतून जुने शिसे बाहेर पडलेले असते आणि त्यांचे घड्याळ आघातापासून सुरू होते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या याराबुब्बा विवराचे वय अशाच दाण्यांवरून २०२० साली २२२.९ कोटी वर्षे ठरले; काटेकोर वय मिळालेल्या विवरांत ते सर्वांत जुने म्हणून प्रसिद्ध झाले. ग्रीनलंडच्या बर्फाखालचे हायावाथा विवर तर मोठे गमतीचे. २०१८ साली ते उजेडात आले तेव्हा ते अवघ्या बारा-तेरा हजार वर्षांपूर्वीचे असेल, हिमयुगाअखेरच्या थंडीचे कारण तेच असेल, अशी चर्चा रंगली. विवर बर्फाखाली, दगड हाती कसा लागावा? हिमनदीखालून वाहत आलेल्या पाण्याने बाहेर आणलेली वाळू आणि गोटे गोळा केले. वाळूतला आरगॉन आणि गोट्यांतले झिरकॉन दोन्ही तपासले. २०२२ साली दोन्हींनी एकच उत्तर दिले: ५ कोटी ८० लाख वर्षे. पुष्कळ लेख फुकट गेले.

आता आपले ढाला. आज तिथे खळगा असा दिसत नाही. कोट्यवधी वर्षांच्या झिजेने काठ केव्हाच गेला. मध्ये एक पठारासारखी टेकडी आणि भोवती बुंदेलखंडी ग्रॅनाइटच्या चुरडलेल्या दगडांचे तुटक कडे, एवढेच राहिले आहे. या जागेला आधी ज्वालामुखीचे कुंड मानीत. युरेनियमच्या शोधात अणुखनिज खात्याने येथे विंधनेही घेतली. अलाहाबाद विद्यापीठातले जयंत कुमार पती आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी दगडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा क्वार्ट्झच्या कणांत आघाताच्या समांतर रेघा दिसल्या, वितळून थिजलेला दगड दिसला, आणि २००८ साली हे सुमारे ११ किलोमीटर व्यासाचे आघात-विवर म्हणून प्रसिद्ध झाले.

वय? ज्या ग्रॅनाइटवर आघात झाला तो सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा, विवर त्यानंतरचे. आणि वर विंध्य समूहाचे थर बसले आहेत, आपला किल्ला ज्या समूहाच्या वाळूच्या पत्थरावर उभा आहे तेच. ते सुमारे एकशे सत्तर कोटी वर्षांपूर्वीपासून साचू लागले, आणि विवर त्यांच्या आधीचे. मधली ऐंशी कोटी वर्षे मोकळी. अशा मोठ्या अंतराला शास्त्रात वय म्हणत नाहीत, मर्यादा म्हणतात. वितळलेल्या दगडात झिरकॉन आहेत, पण त्यांतले बरेच कण आघात सोसूनही जुन्या ग्रॅनाइटचेच वय सांगतात. आणि आरगॉनच्या घड्याळाला एवढ्या दीर्घ काळात कधी ना कधी ऊब लागून गळती झालेली असण्याची भीती. तेव्हा शोध चालू आहे तो बारीक दाण्यांचा, जे त्या दिवशी पूर्णपणे नव्याने जन्मले असतील. केसाच्या जाडीहूनही लहान असा एक चांगला दाणा मिळाला, तर ढालाचे ऐंशी कोटींचे अंतर काही लाखांवर येऊ शकते, आणि तो दाणा बहुधा पिछोर तालुक्यातून काढलेल्या एखाद्या विंधन-गाभ्यात, अजून न कापलेल्या दगडात आहे.